आज्ञाधारक चाकांची किंमत

बैलगाडी वळते ती बैल वळतात म्हणून. दोन चाकांच्या त्या वाहनाला सुकाणूची गरजच नसते. चार चाकांची गाडी आली तेव्हा मात्र पुढची चाके वळवावयाची कशी, हा प्रश्न उभा राहिला. मोटारीच्या स्टिअरिंगमधील जे भाग झिजतात आणि बदलावे लागतात, ते बहुतेक सर्व या एका प्रश्नाच्या उत्तरातून जन्मास आले आहेत.

जुन्या घोडागाडीत पुढचा सबंध आस मध्यभागी एकाच खिळीवर फिरत असे. रचना साधी होती, भक्कम होती. परंतु तीव्र वळणावर आस तिरपा झाला की गाडीचा आधार अरुंद होई आणि ती कलंडे. इंग्लंडमधील लिचफील्डचे वैद्य इरॅस्मस डार्विन हे चार्ल्स डार्विन यांचे आजोबा. रोग्यांना पाहण्यासाठी त्यांना सतत गाडीतून हिंडावे लागे. १७५८-५९ च्या सुमारास त्यांनी निराळी कल्पना मांडली : आस स्थिर असावा, आणि प्रत्येक चाकाने आपापल्या खिळीवर वळावे. गाडीचे धोके त्यांना पुढे स्वतःच्या देहावरही सोसावे लागले. १७६८ साली गाडीच्या अपघातात त्यांच्या गुडघ्याची वाटी फुटली.

पुढे म्यूनिकचे गाडीकार गेओर्ग लांकेनश्पेर्गर यांनी हीच युक्ती स्वतंत्रपणे सिद्ध केली. त्यांच्या वतीने लंडनमधील चित्रप्रकाशक रूडोल्फ आकरमान यांनी १८१८ मध्ये तेथील पेटंट घेतले. त्यामुळे शोध एकाचा आणि नाव दुसऱ्याचे, असे झाले. मोटारविद्येत ही रचना आजही आकरमानच्याच नावाने ओळखली जाते. वळताना आतील चाकाचे वर्तुळ लहान आणि बाहेरील चाकाचे मोठे असते. म्हणून आतील चाक अधिक वळले पाहिजे, हे तिचे मर्म. घोडागाडीत मात्र ती फारशी रुजली नाही. पुढचा आस घोडेच ओढून सरळ ठेवीत असल्याने तिची निकड भासली नसावी.

घोडे गेले आणि निकड आली. फ्रान्समधील ल मां येथील घंटा ओतणाऱ्या घराण्यातील आमेदे बोले यांनी १८७३ मध्ये वाफेची गाडी बांधली. तिची पुढील चाके स्वतंत्र खिळींवर वळत. त्या अवजड गाडीचे नाव त्यांनी ‘आज्ञाधारक’ या अर्थाचे ठेवले, यात सर्व आले. कार्ल बेंझ यांच्या १८८६ च्या पहिल्या मोटारीस तीनच चाके होती. दोन चाके नीट वळविण्याचा उलगडा त्यांना पुढे झाला आणि १८९३ मध्ये त्यांनी त्याचे पेटंट घेतले. १८९४ च्या पॅरिस-रूआं शर्यतीत आल्फ्रेड वाशरों यांच्या गाडीवर दांड्याच्या जागी गोल चाक दिसले.

चाके अशी आज्ञाधारक झाली खरी. पण त्याची किंमत द्यावी लागली. एका जाड खिळीच्या जागी अनेक सांधे आले. प्रत्येक चाकाचा किंगपिन व त्याचे बुश, चाकांना जोडणारा टाय रॉड, त्याच्या टोकांचे बॉल जॉइंट. सांधा आला की हालचाल आली, हालचाल आली की झीज आली. एकेका सांध्यातील केसभर ढिलेपणाची बेरीज चालकाच्या हाती बोटभर होऊन पोहोचते.

भारतातील घरोघरच्या मोटारींनी हा धडा दोन परींनी शिकविला. १९५७ ते २०१४ पर्यंत निघालेल्या अँबॅसडरला रॅक-पिनियनचे स्टिअरिंग होते. कुर्ल्याच्या कारखान्यातील फियाट, जी पुढे प्रीमियर पद्मिनी झाली, तिला किंगपिन होते. ग्रीस देण्यात हयगय झाली की ते किंगपिन कुरकुरत, आणि मग ढिले पडत.

अशा गाड्यांवर हात बसलेला कारागीर निदान करी तो प्रकार आजही उपयोगी आहे. गाडी सरळ रस्त्यावर भरकटते काय, टायरची एक कड लवकर झिजते काय, हे तो प्रथम विचारतो. मग चाक जॅकवर उचलून, खाली भक्कम टेकू देऊन, ते वर-खाली धरून हलवितो. चाक डुलले तर दुसऱ्याला ब्रेक दाबावयास सांगतो. डुलणे थांबले तर दोष बेअरिंगचा. न थांबले तर किंगपिनचा किंवा त्याच्या जागी असलेल्या बॉल जॉइंटचा. मग चाक डाव्या-उजव्या बाजूंनी धरून हलवितो. तेथे खळखळ लागली तर संशय टाय रॉडच्या टोकावर जातो. अखेरीस एकाने स्टिअरिंग हलवावे आणि दुसऱ्याने सांध्यावर बोटे ठेवावीत. डोळ्यांना न दिसणारी झीज बोटांना कळते.

टाय रॉडचे टोक बदलणे फार अवघड नाही. मात्र जुने टोक काढताना किती फेरे सुटले ते मोजून नवे तितकेच फिरवावे; एरवी चाकांचा मेळ पार बिघडतो. फेरे मोजले तरी अखेर अलाइनमेंट तपासून घ्यावीच. नट घट्ट केल्यावर त्यात नवी स्प्लिट पिन घालावी. जुनी वाकलेली पुन्हा वापरू नये. चोर्ल्याचा घाट उतरताना त्या नटाची राखण हीच कवडीमोलाची पिन करीत असते.

अडीच शतकांपूर्वी प्रवासी वैद्याला पडलेला प्रश्न पुष्कळ बुद्धिमंतांनी सोडविला. परंतु त्यांचे उत्तर एकदा मिळाले आणि संपले, असे नाही. ते दर काही हजार मैलांनी, गाडीखाली आडवे होऊन, काळ्या हातांनी पुन्हा सिद्ध करावे लागते.