मसाजचे नियम कोण लिहितं? लंडन १८९४, दिल्ली २०२१

‘व्यावसायिकीकरण’ ही संकल्पना नेट-सेटच्या तयारीत आपण सगळेच पाठ करतो. ठरावीक शिक्षण, परीक्षा, संघटना आणि आचारसंहिता आली की कामाचा ‘प्रोफेशन’ होतो. व्याख्या चुकीची नाही, पण आचारसंहिता लिहितं कोण, हा प्रश्न तिच्यातून निसटतो. मसाजच्या व्यवसायाचं पुढे काय होणार हे समजून घ्यायचं, तर मला तोच प्रश्न सगळ्यात कामाचा वाटतो. त्यासाठी १८९४ सालच्या लंडनला जाऊ.

त्या वर्षी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने मसाजच्या धंद्यावर झोड उठवली. वर्तमानपत्रांतल्या संशयास्पद जाहिराती, अर्धवट शिक्षण आणि मसाजच्या नावाखाली चालणारा वेश्याव्यवसाय, असा एकूण आरोप होता. आता हे डॉक्टरांचं नियतकालिक, हे विसरू नका. स्रोत वाचताना ‘काय लिहिलंय’ इतकंच ‘कोण लिहितंय’ हेही बघायचं असतं. रुग्णाच्या शरीराला हात कोणी लावायचा, यात डॉक्टरांचाही हितसंबंध होताच.

पण या गदारोळात पोटावर पाय आला तो प्रामाणिकपणे मसाज करणाऱ्या प्रशिक्षित परिचारिकांच्या. त्यातल्या चौघींनी, म्हणजे रोझालिंड पॅजेट, ल्युसी रॉबिन्सन, एलिझाबेथ मॅनली आणि मार्गारेट पामर यांनी, त्याच वर्षी ‘सोसायटी ऑफ ट्रेन्ड मसूझेस’ स्थापन केली. त्यांचे नियम कडक होते. डॉक्टरने सांगितल्याशिवाय मसाज करायचा नाही. सर्वसाधारण वर्तमानपत्रांत जाहिरात द्यायची नाही. रुग्णाला औषधं विकायची नाहीत. आणि पुरुषांना मसाज करायचा नाही. अपवाद फक्त डॉक्टरने खास सांगितलेल्या रुग्णाचा.

डेव्हिड निकोल्स आणि ज्युलियन चीक यांचा २००६ सालचा शोधनिबंध याच घटनेवर आहे. जमलं तर नक्की वाचा. एका छोट्या प्रकरणातून सत्ता, शरीर आणि प्रतिष्ठा यांचा धागा कसा काढायचा, ते त्यात दिसतं.

नियम पाळण्याची किंमत मोठी होती. स्वायत्तता डॉक्टरांच्या हाती गेली. बदल्यात रुग्ण मिळाले, नाव मिळालं. १९१४ ला युद्ध सुरू झालं तेव्हा जखमी सैनिकांसाठी प्रशिक्षित मसाज करणाऱ्या बायका तयार होत्या. मग पुरुषांना हात न लावण्याचा नियम टिकणार कसा? १९२० मध्ये संस्थेला राजसनद मिळाली, पुरुष सभासदही आले. १९४४ ला तिचं नाव ‘चार्टर्ड सोसायटी ऑफ फिजिओथेरपी’ झालं. नावातून ‘मसाज’ शब्दच गेला! ज्या कामाची अब्रू वाचवायला संस्था निघाली, ते काम पन्नास वर्षांत पाटीवरून उतरलं. सोसायटीबाहेर राहिलेल्यांना मात्र या प्रतिष्ठेतलं काही मिळालं नाही.

आता दिल्ली. २०२१ च्या ऑगस्टमध्ये दिल्ली सरकारने स्पा आणि मसाज केंद्रांसाठी नियमावली काढली. स्त्रीने पुरुषाला किंवा पुरुषाने स्त्रीला मसाज करायला तिच्यात बंदी होती. सव्वाशे वर्षांनी जवळजवळ तोच नियम! फरक एवढाच, आणि तो लहान नाही, की लंडनमध्ये तो काम करणाऱ्या बायकांनी स्वतःवर घालून घेतला होता. दिल्लीत तो वरून आला. डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या बंदीला स्थगिती दिली. वेश्याव्यवसाय रोखण्याचा हेतू आणि सरसकट बंदी यांच्यात सकृद्दर्शनी वाजवी संबंध दिसत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं.

त्याच वर्षी केंद्राचा संलग्न आरोग्य व्यावसायिकांचा कायदा झाला. फिजिओथेरपीला त्यात मानाची जागा आहे. एकाच मुळाच्या दोन फांद्या, एक आरोग्य खात्याच्या कायद्यात आणि दुसरी पोलिसांच्या नोंदीत.

यावर कोणाला संशोधन प्रस्ताव लिहायचा असेल, तर अडचण स्रोतांची येईल. पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांत स्पा येतो तो बहुतेकदा ‘स्पाच्या नावाखाली’ या मथळ्यानेच. छापा, अटक, सुटका. तिथल्या मुलींना पगार किती, शिकवलं कोणी, मनगटं कधी दुखायला लागतात, हे त्या कात्रणांत शोधूनही मिळणं कठीण. त्यासाठी मुलाखतीच घ्याव्या लागतील, आणि नैतिक समितीच्या अर्जात त्यांची नावं गुप्त ठेवण्याची व्यवस्था पहिल्या पानावरच लिहावी लागेल.