पिकअपची पुढची चाके ओढत नाहीत? दोष शोधा पायरीपायरीने
‘फोर व्हील ड्राइव्ह’च्या बिघाडाचे निदान : स्वस्त कारणांपासून महागड्या कारणांकडे

बीड जिल्ह्यात पहिला दमदार पाऊस झाला की डांबरी सडक सोडून शेताकडे वळणाऱ्या प्रत्येक वाहनाची परीक्षा सुरू होते. गेवराई-माजलगाव पट्ट्यात जायकवाडीच्या उजव्या कालव्यावर उसाचे मळे उभे आहेत. तेथील काळी माती कोरडी असताना दगडासारखी टणक असते आणि भिजली की चाकांना लिंपून बसते. पाटोदा, आष्टी, धारूरकडे बालाघाटच्या रांगांमधून मुरमाड आणि खडकाळ चढ आहेत. खताची पोती, दुधाचे कॅन, पाण्याची टाकी किंवा मजुरांचे सामान घेऊन अशा वाटांनी जायचे, तर चारही चाकांना ताकद देणारी पिकअप उपयोगी पडते.

मात्र या अवर्षणप्रवण जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडतो. परिणामी वर्षातील बहुतांश काळ ‘फोर व्हील ड्राइव्ह’ची यंत्रणा वापराविना पडून राहते. तिचा दोष या कोरड्या महिन्यांत निर्माण होतो आणि लक्षात येतो तो ऐन चिखलात. त्यानंतर घाईघाईने गॅरेज गाठले जाते आणि प्रसंगी कारण न शोधताच सर्वात महागडा भाग खोलला जातो. वास्तविक अनेकदा दोष फ्यूज, वायर, रबरी नळी किंवा हब अशा साध्या ठिकाणी असतो. निदानाचा क्रम ठाऊक असेल तर वेळ आणि पैसा दोन्ही वाचतात.

यंत्रणा कशी चालते?

स्वातंत्र्यानंतर मुंबईत महिंद्र कंपनीने विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि चारही चाकांना ताकद देणारे वाहन महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत परिचित झाले. पुढे बोलेरो कॅम्पर, २००७ मधील स्कॉर्पिओ गेटअवे, २००९ मधील टाटा झेनॉन, २०१६ मधील इसुझू व्ही-क्रॉस आणि २०२२ मधील टोयोटा हायलक्स अशा पिकअप भारतीय बाजारात आल्या. यांपैकी काहींत ही यंत्रणा ठरावीक प्रकारांतच मिळते. तपशील वेगवेगळा असला तरी मूळ तत्त्व समान आहे.

गिअरबॉक्समधून येणारी ताकद ‘ट्रान्सफर केस’ या पेटीत येते. ‘२ एच’ स्थितीत ती केवळ मागील चाकांकडे जाते. ‘४ एच’ निवडल्यास ही पेटी पुढील प्रोपेलर शाफ्टलाही जोडून घेते. ‘४ एल’मध्ये चारही चाकांना ताकद मिळतेच, शिवाय वेग कमी होऊन ओढण्याचे बळ वाढते. पुढील शाफ्टची ताकद डिफरन्शियलमार्गे चाकांपर्यंत पोहोचते. बऱ्याच वाहनांत चाके आणि अ‍ॅक्सल जोडण्यासाठी हबमध्ये किंवा अ‍ॅक्सलवर आणखी एक कुलूप असते. ते हाताने, आपोआप किंवा व्हॅक्यूमच्या साहाय्याने लागते.

थोडक्यात, दोन सांधे जुळले पाहिजेत. एक ट्रान्सफर केसमध्ये आणि दुसरा पुढील अ‍ॅक्सलवर किंवा हबमध्ये. यांपैकी नेमका कोणता जुळत नाही, हे ओळखणे म्हणजेच निम्मे निदान होय.

हा बिघाड नव्हे

काही तक्रारी बिघाडासारख्या भासतात, पण तो यंत्रणेचा स्वभाव असतो. ‘४ एच’मध्ये कोरड्या डांबरी रस्त्यावर वळण घेताना गाडी अडखळते आणि स्टिअरिंग जड होते. वळणावर पुढील चाके मागील चाकांपेक्षा अधिक अंतर कापतात. परंतु अशा पिकअपमध्ये पुढील आणि मागील शाफ्ट एकमेकांना घट्ट जोडलेले असल्याने हा फरक सामावला जात नाही. चिखलात चाक किंचित घसरून ताण मोकळा होतो. डांबरावर तो साखळी, गिअर आणि क्रॉस यांच्यावर येतो. म्हणूनच धुळे-सोलापूर महामार्गावरील मांजरसुंबा घाटासारख्या ठिकाणी, रस्ता कोरडा असताना, केवळ चढ आहे म्हणून ‘४ एच’ लावणे हानिकारक ठरते.

दुसरी तक्रार म्हणजे ‘चारही चाके फिरत नाहीत’. साध्या डिफरन्शियलमध्ये ज्या चाकाला पकड कमी, तेच फिरत राहते. त्यामुळे तिरप्या खड्ड्यात पुढचे एक आणि विरुद्ध बाजूचे मागचे एक अशी दोनच चाके फिरताना दिसू शकतात. पुढचे एक जरी चाक इंजिनच्या ताकदीने फिरत असेल, तर यंत्रणा जुळलेली आहे असे समजावे. अशा वेळी टायरच्या खाचांत भरलेली माती आणि झिजलेली नक्षी हेच खरे कारण असू शकते.

पहिली पायरी : चालकाची पद्धत आणि टायर

पाना हाती घेण्यापूर्वी वाहनाची पुस्तिका पाहावी. ‘४ एच’ किती वेगापर्यंत लावता येते, हे त्यात नमूद असते. ‘४ एल’साठी गाडी थांबवून किंवा अगदी मंद वेगात, क्लच दाबून अथवा गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून निवड करावी लागते. ही पद्धत पाळली नाही तर निरोगी यंत्रणाही जुळत नाही.

हाताने फिरवायचे हब असल्यास दोन्ही बाजूंच्या चकत्या ‘लॉक’वर आहेत का, ते पाहावे. एक हब लागलेला आणि दुसरा मोकळा असला तर डिफरन्शियल सारी गती मोकळ्या बाजूला देते आणि पुढच्या चाकांना ओढ मिळत नाही.

चारही टायर समान मापाचे आणि साधारण सारख्या झिजेचे असावेत. मागे नवे आणि पुढे गुळगुळीत टायर, कमी हवा किंवा क्षमतेपेक्षा जास्त भार यांमुळे चाकांचा प्रत्यक्ष घेर बदलतो आणि सरळ रस्त्यावरही यंत्रणेत ताण साठतो.

दुसरी पायरी : दिव्याची भाषा

डॅशबोर्डवरील ‘फोर व्हील ड्राइव्ह’चा दिवा बरेच काही सांगतो. बटण फिरवूनही दिवा लागतच नसेल, तर आदेश पोहोचलेला नाही किंवा दिव्याच्या स्विचमध्येच दोष आहे. तो सतत लुकलुकत राहिला तर जोडणी अपूर्ण राहिली आहे किंवा यंत्रणेने दोष नोंदवला आहे. दिवा स्थिर आहे, तरीही पुढची चाके ओढत नाहीत, अशी स्थिती असेल तर संशय पुढच्या अ‍ॅक्सलवर घ्यावा. कारण बऱ्याच वाहनांत हा दिवा केवळ ट्रान्सफर केसची हालचाल दर्शवतो, हबची नव्हे.

नव्या वाहनांत दोषाची नोंद संगणकीय यंत्रणेत राहते. ती स्कॅनरने वाचून घेण्यापूर्वी बॅटरीची वायर काढू नये, अन्यथा काही वाहनांत ती माहिती पुसली जाण्याची शक्यता असते.

तिसरी पायरी : जॅकची निर्णायक चाचणी

दोन सांध्यांपैकी सदोष कोणता, याचे उत्तर या चाचणीतून मिळते. मऊ जमिनीवर ‘४ एच’ लावून गाडी काही मीटर सरळ चालवावी. नंतर ‘४ एच’ कायम ठेवून ती टणक आणि सपाट जागी उभी करावी, इंजिन बंद करावे, हँडब्रेक ओढावा आणि मागील चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा ठोकळे लावावेत. पुढचे एकच चाक जॅकने उचलून खाली मजबूत स्टँड द्यावा. आता ते चाक हाताने फिरवून पाहावे. दुसऱ्या व्यक्तीने सुरक्षित अंतरावरून पुढील प्रोपेलर शाफ्टकडे लक्ष ठेवावे.

चाक थोडीशी ढिलाई घेऊन अडले, तर दोन्ही सांधे जुळलेले आहेत. चाक मोकळे फिरले, पण शाफ्ट स्थिर राहिला, तर दोष हबमध्ये किंवा पुढील अ‍ॅक्सलच्या जोडणीत आहे. चाकासोबत शाफ्टही फिरू लागला, तर ट्रान्सफर केसमधील जोडणी झालेली नाही.

व्हॅक्यूमवर चालणारी काही कुलुपे इंजिन बंद होताच सुटू शकतात. अशा वाहनाची चाचणी जाणकार मिस्त्रीकडूनच करून घ्यावी. चाक उचललेले असताना इंजिन चालू करून गिअर टाकणे जिवावर बेतू शकते. जमिनीवर टेकलेली चाके ओढू लागतात आणि गाडी जॅकवरून उडी घेते.

चौथी पायरी : वीज आणि व्हॅक्यूम

ट्रान्सफर केस जुळत नसेल तरी ती लगेच खोलू नये. बटणाने चालणाऱ्या वाहनांत जोडणीचे काम एक छोटी विद्युत मोटर करते. इग्निशन चालू ठेवून बटण फिरवताना गाडीखालून मोटरचा आवाज येतो का, हे ऐकावे. आवाज नसेल तर फ्यूज, रिले, बॅटरीचा दाब, अर्थिंगची वायर आणि मोटरचा कनेक्टर या क्रमाने तपासणी करावी. कनेक्टरमध्ये शिरलेला चिखल आणि गंज हे नित्याचे कारण आहे. गोठ्याजवळ किंवा धान्याच्या कोठाराशेजारी उभ्या राहणाऱ्या गाडीच्या वायरी उंदीर कुरतडतात, हेही ध्यानात ठेवावे. आवाज येतो, पण जोडणी होत नाही, अशा वेळी मोटर, तिचा स्थितिदर्शक सेन्सर आणि आतील फोर्क यांच्याकडे वळावे. दांड्याने चालणाऱ्या जुन्या वाहनांत दांड्याचे सांधे आणि झिजलेले बूश पाहावेत.

हब व्हॅक्यूमवर चालत असतील, तर इंजिन चालू असताना हबकडे जाणारी नळी काढून तोंडावर बोट ठेवावे. निवड ‘४ एच’ असताना ओढ जाणवली पाहिजे. ती नसल्यास तडकलेली नळी, बिघडलेला सोलेनॉइड व्हॉल्व्ह किंवा क्षीण पंप यांपैकी एक कारण असते. डिझेल वाहनात ब्रेकला साहाय्य करणारा बूस्टरही सहसा याच पंपावर अवलंबून असतो. म्हणून ‘फोर व्हील ड्राइव्ह’ बंद पडण्यासोबत ब्रेकचे पॅडलही कडक झाले असेल, तर वाहन रस्त्यावर न आणता प्रथम व्हॅक्यूमची दुरुस्ती करावी.

पाचवी पायरी : आवाज आणि तेल

वीज आणि व्हॅक्यूम निर्दोष असल्याची खात्री झाल्यावरच यांत्रिक भागांकडे वळावे. गाडी सुटताना किंवा मागे-पुढे घेताना ‘ठक’ असा आवाज येत असेल तर शाफ्टचे क्रॉस ढिले झालेले असू शकतात. वळणावर पुढच्या चाकातून ‘कटकट’ ऐकू आल्यास अ‍ॅक्सलचा जॉइंट आणि त्याचे फाटलेले रबरी बूट तपासावे. जोर पडताच ट्रान्सफर केसमधून दाते निसटल्यासारखा आवाज आला तर ताणलेल्या साखळीचा, ‘४ एल’ आपोआप सुटत असेल तर झिजलेल्या फोर्कचा किंवा गिअरचा संशय घ्यावा.

तेलाची तपासणी तितकीच महत्त्वाची आहे. ट्रान्सफर केस किंवा डिफरन्शियलमधील तेल दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले आहे. भरलेला ओढा ओलांडताना तापलेली पेटी अचानक थंड होते आणि श्वासनळी तुंबलेली असल्यास सीलमधून पाणी आत खेचले जाते. तेलात धातूचे तुकडे आढळले तर मात्र पेटी खोलण्याला पर्याय नाही. काही ट्रान्सफर केसमध्ये गिअर ऑइल, तर काहींत ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचे पातळ तेल लागते. पुस्तिकेत सांगितलेलेच तेल वापरावे.

‘४ एच’ सुटत नसेल तर

शेतातून डांबरी रस्त्यावर आल्यावर यंत्रणा ‘२ एच’मध्ये परतत नाही, ही तक्रार बहुधा साठलेल्या ताणामुळे उद्भवते. दांड्यावर जोर लावू नये. ‘२ एच’ निवडून गाडी सरळ रेषेत काही मीटर मागे आणि पुन्हा पुढे घ्यावी. ताण मोकळा होताच जोडणी सुटते. आपोआप लागणारे हबही अनेक वाहनांत असेच सुटतात. तरीही उपयोग झाला नाही तर एका बाजूची चाके मातीत उतरवून हाच प्रयोग करावा.

मृगापूर्वीची तयारी

महिन्यातून एकदा मऊ मातीच्या वाटेवर ‘४ एच’ आणि ‘४ एल’ लावून गाडी थोडे अंतर सरळ चालवावी. त्यामुळे आतील भागांना तेल मिळते आणि फोर्क, मोटर व हब जाम होत नाहीत. मेअखेरीस जॅकची चाचणी, तेलाची पातळी, श्वासनळी, व्हॅक्यूमच्या नळ्या आणि कनेक्टर पाहून घ्यावेत. चिखलातून आल्यावर गाडीचा खालचा भाग धुवावा. काळी माती वाळल्यावर सिमेंटसारखी घट्ट होते आणि सीलना इजा करते.

गॅरेजमध्ये गेल्यावर ‘फोर व्हील चालत नाही’ एवढेच न सांगता दिवा कसा वागतो, मोटरचा आवाज येतो का आणि चाक फिरवताना शाफ्ट फिरला की स्थिर राहिला, या तीन गोष्टी सांगाव्यात. या तीन उत्तरांवरून कुशल मिस्त्री दोषाच्या जागेपर्यंत चटकन पोहोचतो, आणि ट्रान्सफर केस खोलायची की वीतभर नळी बदलायची, याचा निर्णय अंदाजावर सोडावा लागत नाही.