वेल्सचा कुंचला आणि गंगाराम तांबट

श्रीरंगपट्टणची मोहीम आटोपून पटवर्धन घराण्यातील परशुरामभाऊ १७९२ मध्ये परतले. त्याच वर्षी पुण्यात जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार सवाई माधवराव पेशव्यांचे तैलचित्र रंगवीत होता. सोबत नाना फडणीस आणि सेवक असलेले हे चित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या संग्रही आहे. आम्हा मिरजकरांना पटवर्धनांच्या लढाया मुखोद्गत असतात. परंतु त्यांच्या धन्याची मुद्रा कोणत्या रीतीने टिपली गेली, इकडे सहसा आमचे लक्ष जात नाही.

आपल्याकडील चित्रकार कागदावर डिंकात कालवलेले रंग देत. चित्र पालथे घालून मागून अकीकाने घोटत, म्हणजे रंग तकाकी धरी. चेहरा बहुधा एका बाजूने दाखवीत. त्यावर सावली पडू देत नसत. रेषा हेच त्यांचे सामर्थ्य.

तैलचित्राची रीत निराळी. ताणलेल्या कापडावर सरस व अस्तर द्यावयाचे. जवसाच्या तेलात घोटलेला रंग सावकाश वाळतो, म्हणून गालावरील उजेड कानाजवळच्या अंधारात हळुवार मिसळता येतो. गडद भागी रंग पातळ, उजळ भागी सफेद्याचा जाड थर; आणि सारे वाळल्यावर पारदर्शक रंगाचा अगदी पातळ हात. त्या काळच्या मुखचित्रांतील कातडीची ऊब बहुतांशी ह्या शेवटच्या हाताची असते.

पाश्चात्त्य धाटणीचे मुखचित्र वेल्सने येथे प्रथम आणले, असे मात्र नव्हे. गोव्यात १५४७ च्या सुमारास जुवांव द कास्त्रो ह्यांनी पोर्तुगीज राज्यपालांची चित्रे काढवून घेतली. देखरेख गास्पार कोरैयाची, कुंचला एका स्थानिक चित्रकाराचा. कोरैयाचे नाव राहिले, कुंचल्याच्या धन्याचे नाही! पुढे ती चित्रे इतक्यांदा पुन्हा रंगवली गेली की मूळ हात ओळखणे दुरापास्त झाले.

वेल्सचा सहायक गंगाराम चिंतामण तांबट ह्याचे नाव तरी उरले. त्याला केवळ वेल्सचा शिष्य म्हणणे आम्हास अन्यायाचे वाटते. पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंडा त्याने १७९० मध्येच, वेल्स हिंदुस्थानात येण्यापूर्वी, चितारला होता. रेसिडेंट चार्ल्स मॅलेटसाठी त्याने वेरूळची लेणीही रेखाटली. त्याची चित्रे आज अमेरिकेत येल येथे आहेत. १७९५ च्या ऑक्टोबरात माधवराव निवर्तले आणि नोव्हेंबरात वेल्स.

आपल्या जुन्या ख्रिस्तमंदिरांतूनही मेणबत्त्यांच्या धुराने काळवंडलेली संतांची तैलचित्रे असतात. सणाआधी ती ओल्या फडक्याने, क्वचित साबणानेही, पुसण्याचा उत्साह भाविकांना येतो. तो पातळ हात रोगणाच्या लगेच खाली असतो. रोगण निघाले की त्यापाठोपाठ तोच फडक्यावर उतरतो, आणि संताच्या गालाची ऊब त्याबरोबर जाते. मऊ कोरड्या कुंच्याने धूळ झाडावी, तीही रंगाचे पापुद्रे सुटले नसतील तरच; पुढील काम जाणकाराकडे सोपवावे. चौकटीमागे चित्रकाराचे नाव आढळल्यास ते धर्मग्रामाच्या वहीत उतरवून ठेवावे.