टिळकांचा दरबार

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या आगगाडीत एका अनोळखी प्रवाशाने नारायण वामन टिळकांच्या हाती बायबलचा नवा करार ठेवला. कोकणातला हा कवी त्यातल्या येशूच्या गिरिप्रवचनापाशी थांबला, तो कायमचा. १८९५मध्ये मुंबईत बाप्तिस्मा आणि १९०४मध्ये पाळकाची दीक्षा झाली.

नगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये रेव्हरंड टिळकांनी मोठेच काम केले. परक्या चालींवर बेतलेल्या गाण्यांऐवजी त्यांनी ख्रिस्ती मंडळीला अभंग दिले, कीर्तन दिले. येशूला ‘माउली’ म्हणणारी ही भक्ती थेट ज्ञानोबा-तुकोबांच्या अंगणातली. मराठी ख्रिस्ती माणूस आपल्याच भाषेत देवाशी बोलू लागला, हे ऋण फार मोठे आहे.

१९१७ साली मिशनची नोकरी आणि पगार दोन्ही सोडून ते साताऱ्यात राहिले. ‘देवाचा दरबार’ भरवायचा, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या साऱ्यांना एकत्र बसवायचे, हा त्यांचा ध्यास. पण वेळ थोडाच मिळाला. ९ मे १९१९ला मुंबईत ते गेले.

ख्रिस्तचरित्रावरचे त्यांचे महाकाव्य ‘ख्रिस्तायन’ अपुरेच राहिले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, नवऱ्याकडून अक्षरे शिकलेल्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले आणि ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आपले टिळक रागालोभासकट उभे केले. मराठी चर्चमध्ये टिळकांची गीते आजही गातात.