मोहाचा माठ

आमच्या मुरबाडकडच्या रानात फाल्गुन-चैत्रात मोह गळतो. उजाडायच्या आत टोपली घेऊन गेलं की झाडाखालची जमीन पिवळसर पांढरी झालेली असायची. आजी हाक मारायची, "उठ रं, गुरांनी खाल्ल्यावर काय माती येचणार हायस?" वेचलेली फुलं अंगणात वाळायची. काही भाकरीबरोबर, काही गुरांच्या आंबोणात जायची. उरलेली माठात.

दारूचं बोलताना सगळे भट्टीचं बोलतात, पहिल्या धारेचं बोलतात. खरं काम त्याआधी माठातच झालेलं असतं. वाळल्या मोहात निम्म्याच्या आसपास साखर असते. पाण्यात भिजलं की यीस्ट ती खायला लागतं. साखरेचा साधारण निम्मा भाग दारू होतो, निम्मा वायू बनून उडून जातो. यीस्ट ही जिवंत वस्तू आहे हे फ्रान्सच्या लुई पाश्चरने एकोणिसाव्या शतकात प्रयोगांनी दाखवलं. आजीला ना पाश्चर ठाऊक, ना यीस्ट. ती माठाला कान लावायची. फसफस ऐकू आली की "बोलतंय अजून", थांबली की "निजलं". थंडीत माठाभोवती पेंढा लावायची आणि माठ आतून घासू द्यायची नाही. आईने नवी नवरी असताना तो राखेने लख्ख घासला. त्या खेपेला सडवा दोन दिवस उशिरा बोलायला लागला, आणि आईला वर्षभर ऐकावं लागलं!

हा घरचा माठ सरकारच्या डोळ्यांवर कधी आला, ते मला फार उशिरा वाचून कळलं. 1878 साली मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा झाला. दारू गाळायची ती परवान्याने, विकायची ती मक्तेदाराने. तरी रानात घरोघरी माठ होतेच. मग 1892 साली खास मोहाचा कायदा आला, आमच्या ठाणे आणि शेजारच्या कुलाबा जिल्ह्यासाठी. दारूबरोबर आता फुलावरही बंधन. दुष्काळात ज्याने पोट भरायचं, तेच फूल घरात साठवलं की गुन्हा. लोकांची दारू सुटावी म्हणून हे केलं असं मला वाटत नाही. अबकारीचा पैसा बुडत होता.

स्वराज्यात 1949 चा दारूबंदी कायदा आला. त्याचीच एक धाड मी लहानपणी पाहिली. खात्याच्या माणसांनी माठ फोडला, आजोबांना नेलं. आजी रडली ती माठासाठी. आजोबांसाठी रडायचं तिला फारसं कारण नव्हतं. पिऊन ते तिला मारत, हे लपवून काय करू?

पुढे मोह मागे पडला. काळा गूळ आणि नवसागर आला. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराईड, त्यातला नत्र यीस्टचं खाद्य. काम झटपट, माल विकायचा. पिणारा कोण, गाळणाऱ्याला माहीत नाही. पुढे कुणी गाळण्याचेही कष्ट घेईनात, कारखान्यातलं मिथेनॉल पाण्यात मिसळलं की झालं. 2015 साली मुंबईत मालवणीला अशा दारूने शंभरावर माणसं गेली. आमच्या धाकट्या चुलत्याचे डोळे त्याच्या कितीतरी आधी असेच गेले, बाजारच्या दिवशी, दोन ग्लासांत.

तो ओट्यावर बसायचा. पहाटे मोह गळायला लागला की आवाजावरून सांगायचा, "आज लय पडलाय, बाय, टोपली मोठी ने."