गॉकरमधली नोकरी

न्यूयॉर्कमध्ये एलिझाबेथ स्ट्रीटवर गॉकर मीडियाचं ऑफिस होतं. तिथे भिंतीवर एक भलामोठा स्क्रीन असायचा. नाव 'बिग बोर्ड'. कंपनीच्या सगळ्या साइट्सवर त्या घटकेला सर्वाधिक वाचले जाणारे दहा लेख त्यावर दिसायचे. लेखाचं शीर्षक, लिहिणाऱ्याचं आडनाव, गेल्या तासात किती जणांनी पाहिला, एकूण किती जणांनी पाहिला. आकडे सतत बदलत राहायचे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. असे स्क्रीन आमच्याकडेही असतात. पण त्यांवर सर्व्हरची नावं असतात, माणसांची नाही. हा फरक छोटा नाही.

इंजिनिअरिंगच्या वर्षांत मी गॉकरच्याच साइट्स वाचायचो. गॅजेट्ससाठी गिझमोडो, 'कमी वेळात जास्त काम'वाल्या युक्त्यांसाठी लाइफहॅकर. या दोन्हींच्या भारतीय आवृत्त्या टाइम्स इंटरनेटनं काही वर्षं चालवल्याही. हे सगळं लिहिणारी माणसं कोण, त्यांना पगार किती, असा प्रश्न तेव्हा डोक्यात आला नाही. तो आला स्वतः नोकरी करू लागल्यावर. मग तिथे काम केलेल्यांनी जे जे लिहून ठेवलंय ते शोधून वाचत गेलो. वाचताना गोंधळ उडतो. कुणी म्हणतं, इतकी चांगली नोकरी पुन्हा मिळाली नाही; कुणी म्हणतं, तिथून बाहेर पडल्यावर श्वास घेतला. कित्येकदा ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाची असतात.

हा गोंधळ स्वभावातल्या फरकाचा नाही, असं माझं मत झालं आहे. त्याचं कारण कंपनीच्या इतिहासात आहे.

दर तासाचा हिशोब

निक डेंटन हा ब्रिटिश पत्रकार. 'फायनान्शियल टाइम्स'मध्ये काम केलेला, नंतर इंटरनेट कंपन्या काढलेला. २००२ साली त्यानं आधी गिझमोडो आणि मग गॉकर हे ब्लॉग सुरू केले. पुढे कोटाकू, लाइफहॅकर, डेडस्पिन, जेझेबेल अशी भर पडत गेली. गणित सरळ होतं: छापखाना नाही, वितरण नाही, लांबलचक संपादकीय उतरंड नाही. हुशार, तिखट लिहिणारी तरुण मुलं घ्यायची, दिवसाला डझनभर पोस्टी पाडून घ्यायच्या आणि जाहिराती विकायच्या. लिहिणारे बहुतेक घरून, फुटकळ मानधनावर काम करत.

२००८ मध्ये डेंटननं पैसे थेट पेजव्ह्यूंना जोडले. जितके लोक पाहतील तितका बोनस. कारखान्यातली 'पीस रेट'ची पद्धतच ही, फक्त नग मोजायचं काम आता सर्व्हर करू लागला. गिरणीत ताग्यामागे किती मजुरी मिळणार हे विणकराला आधी ठाऊक असे. इथे नग तयार झाल्यावर त्याची किंमत कोण जाणे कोण ठरवणार. चार दिवस खपून लिहिलेला लेख पडायचा आणि मांजराचा व्हिडिओ धावायचा.

याचं सगळ्यात प्रांजळ रूप २०१२ च्या जानेवारीत दिसलं. तेव्हाचे गॉकरचे संपादक ए. जे. डॉलेरिओ यांनी पाळ्या लावल्या. रोज एका लेखकानं फक्त क्लिक खेचणाऱ्या पोस्टी टाकायच्या, म्हणजे बाकीच्यांना त्या दिवशी आपल्या मनासारखं काम करता येईल. आमच्याकडे ऑन-कॉलची पाळी असते तसंच हे. एकानं जागरण करायचं, बाकीच्यांनी झोपायचं. त्याच वर्षी नीत्झन झिमरमन या एकाच माणसाला व्हायरल मजकुराच्या कामावर घेतलं. तो एकटा इतकी गर्दी आणायचा, की बाकीच्यांची पाळी जवळजवळ सुटलीच.

मग लोक तिथे राहत का होते?

स्वातंत्र्य

कारण तिथे जे छापता यायचं ते इतरत्र छापता येत नव्हतं. एप्रिल २०१० मध्ये गिझमोडोच्या हाती आयफोन ४ चा नमुना लागला. ॲपलच्या एका इंजिनिअरकडून तो बारमध्ये राहून गेला होता. गिझमोडोनं तो ५००० डॉलरला विकत घेतला आणि सगळं जगासमोर मांडलं. पोलिसांनी संपादक जेसन चेन यांच्या घरावर छापा घालून संगणक उचलून नेले. कंपनी मागे हटली नाही, आणि शेवटी गिझमोडोच्या कुणावरही खटला भरला गेला नाही. जानेवारी २०१३ मध्ये डेडस्पिननं एक फुटबॉलपटूची दिवंगत प्रेयसी मुळात अस्तित्वातच नव्हती हे उघड केलं. बड्या बड्या वृत्तसंस्था तिच्या मृत्यूची करुण कहाणी छापून मोकळ्या झाल्या होत्या. ही बातमी करणाऱ्या दोघांपैकी एक जण तेव्हा कॉलेजात शिकत होता.

विशीतल्या लेखकाला हे कुठे मिळणार? वरिष्ठांच्या पाच सह्या नाहीत, जाहिरातदाराची भीती नाही, मालकाच्याच विरोधात मालकाच्याच साइटवर लिहायची मुभा. ही मुभा खरी होती. पण ती कुठेही लिहिलेली नव्हती. डेंटनला असं वागायला आवडत होतं, म्हणून ती होती.

किंजा आणि जेझेबेल

मर्जीवरची व्यवस्था कुठे तोकडी पडते, हे ऑगस्ट २०१४ मध्ये दिसलं. माझ्या धंद्याच्या दृष्टीनं हा प्रसंग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

गॉकरनं 'किंजा' नावाचं स्वतःचं सॉफ्टवेअर बनवलं होतं. त्याचे बरेचसे इंजिनिअर हंगेरीत, बुडापेस्टला बसत. डेंटनचा त्यावर फार जीव. प्रतिक्रिया देणाराही लेखकाच्या बरोबरीचा व्हावा, असं त्याचं स्वप्न. त्यासाठी 'बर्नर' खाती होती. ती पूर्ण निनावी असत, आयपी पत्ताही नोंदवला जात नसे. कंपनीतली गुपितं फोडू पाहणाऱ्याला हे सोयीचं. पण जेझेबेल ही स्त्रियांची साइट. तिथल्या लेखांखाली कुणीतरी अशीच खाती काढून महिनोन्‌महिने बलात्काराची हिंसक चलचित्रं टाकत राहिला. आयपीच नाही, मग रोखणार कुणाला? जेझेबेलच्या संपादक-लेखिका रोज सकाळी ती चित्रं स्वतः बघून एकेक करून काढत होत्या. वर अनेकदा सांगूनही काही हललं नाही. शेवटी त्यांनी हे सगळं जेझेबेलवरच, वाचकांसमोर, स्पष्ट शब्दांत छापलं. त्यानंतर मात्र प्रतिक्रियांमधली चित्रं लगेच बंद झाली.

बुडापेस्टमध्ये तो कोड लिहिणाऱ्यांना हे हवं होतं, असं मला वाटत नाही. 'निनावीपणा जपा' ही उत्तम अट आहे. पण जिच्या टेबलावर त्या अटीचा कचरा रोज येऊन पडणार होता, तिला अट ठरवताना कुणी विचारलं नव्हतं. एकाच सॉफ्टवेअरनं एका मजल्यावरच्या माणसाला मोकळीक दिली आणि दुसऱ्या मजल्यावरच्या बाईला रोजची शिक्षा. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर २०१५ मध्ये, गॉकरमध्ये काम केलेल्या डेना एव्हन्स यांनी सविस्तर लेख लिहिला. कंपनीचा गाडा ओढणाऱ्या स्त्रिया बढतीच्या आणि श्रेयाच्या वेळी कशा मागे राहतात, हे त्यात होतं. तो लेख गॉकरवर नाही, दुसरीकडे प्रसिद्ध झाला. मालकाविरुद्ध लिहायची मुभासुद्धा सगळ्यांना सारखी नव्हती.

आवडत्या नोकरीत युनियन

एप्रिल २०१५ मध्ये गॉकरच्या लोकांनी जाहीर केलं, की आम्ही युनियन करतोय. नेहमीच्या समजुतीप्रमाणे युनियन हाल होतात तिथे निघते. इथे पुढाकार घेणाऱ्यांचं म्हणणं वेगळं होतं: इथे बरं चाललंय, आणि जे बरं आहे ते टिकावं म्हणून ते कागदावर हवं. पगार कशावर ठरतात हे कळावं. उद्या कंपनी विकली गेली तर काय, हे ठरलेलं असावं.

मग जे झालं ते गॉकरलाच शोभणारं होतं. मतदानाआधी कर्मचाऱ्यांनी आपण कुठल्या बाजूनं मत देणार आणि का, हे साइटवर जाहीरपणे, नावानिशी लिहिलं. कुणाला युनियन मनापासून हवी होती, कुणाला सगळं घाईनं होतंय असं वाटत होतं. 'मिश्र अनुभव' म्हणतात ते एका पानावर, एकमेकांना उत्तरं देत मांडलेलं क्वचित सापडतं. जूनमध्ये मोजणी झाली: बाजूनं ८०, विरोधात २७. डेंटननं अडथळा आणला नाही.

जेमतेम सहा आठवड्यांनी परीक्षा आली. गॉकरनं एका प्रकाशन संस्थेतल्या अधिकाऱ्याच्या खासगी आयुष्यावर लेख छापला. माझ्या मते तो क्रूर आणि बिनकामाचा होता. कंपनीच्या वरिष्ठांनी मतदान करून तो उतरवला. त्यावर टॉमी क्रॅग्ज आणि मॅक्स रीड या दोन वरिष्ठ संपादकांनी राजीनामे दिले. त्यांचा मुद्दा असा, की लेख चांगला-वाईट हे संपादकांनी ठरवायचं, जाहिरात-विक्री बघणाऱ्यांनी नाही. लेख वाईट होता आणि राजीनामा रास्त होता, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. २०१६ च्या सुरुवातीला पहिला करार झाला. त्यात किमान पगार ठरला, आणि संपादकीय निर्णयांचं संरक्षणही.

कागदाची ताकद आणि मर्यादा

त्या वर्षी मार्चमध्ये फ्लोरिडातल्या ज्युरीनं कुस्तीगीर हल्क होगनच्या बाजूनं १४ कोटी डॉलरचा निकाल दिला. गॉकरनं २०१२ मध्ये त्याच्या खासगी व्हिडिओचा तुकडा दाखवला होता. गॉकरच्या एका साइटनं २००७ मध्ये अब्जाधीश पीटर थील समलिंगी असल्याचं लिहिलं होतं. होगनच्या खटल्याला गुपचूप पैसा थीलनं पुरवला होता, हे मे महिन्यात बाहेर आलं. दंड फक्त कंपनीला नव्हता. तो व्हिडिओ छापणारे डॉलेरिओ कधीच नोकरी सोडून गेले होते, तरी त्यांच्यावर वैयक्तिक १ लाख डॉलरचा दंड बसला, शिवाय मुख्य भरपाईतही त्यांचं नाव होतं. मोकळीक कंपनीनं दिली होती. बिल माणसाच्या नावावर फाटलं.

जूनमध्ये कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली. ऑगस्टमध्ये युनिव्हिजननं १३.५ कोटी डॉलरला बाकीच्या साइट्स घेतल्या. गॉकर डॉट कॉम मात्र बंद झालं. मालक बदलला तरी युनियनचा करार टिकला. 'बरं चाललंय, कागदावर हवं' म्हणणारे बरोबर ठरले. पण सप्टेंबरमध्येच नव्या मालकानं कोर्टात अडकलेले सहा जुने लेख उतरवले. त्यावर मतदान झालं: व्यवस्थापनाचे दोघे एका बाजूला, कार्यकारी संपादक जॉन कुक दुसऱ्या. दोन विरुद्ध एक. करार होता, पण जास्त हात मालकाचे होते.

एप्रिल २०१९ मध्ये ग्रेट हिल पार्टनर्स या गुंतवणूक कंपनीनं या साइट्स घेतल्या आणि नाव ठेवलं जी/ओ मीडिया. ऑक्टोबरच्या शेवटी डेडस्पिनच्या लोकांना हुकूम आला: फक्त खेळांवर लिहा. डेडस्पिनची लोकप्रियता मुळात खेळ सोडून इतर विषयांवरच्या लेखांमुळेही होती. हंगामी संपादक बॅरी पेचेस्की यांना दुसऱ्याच दिवशी काढलं. आठवडाभरात डेडस्पिनचे वीसेक लेखक-संपादक, म्हणजे जवळजवळ सगळेच, राजीनामे देऊन बाहेर पडले. युनियन होती, करार होता. पण साइट कशासाठी आहे, हे ठरवायचा हक्क मालकीबरोबर जातो.

त्यातल्या बहुतेकांनी २०२० च्या सप्टेंबरमध्ये 'डिफेक्टर' सुरू केलं. मालक काम करणारेच, पैसा मुख्यतः वाचकांच्या वर्गणीतून. संपादकाला हटवायचं तर सहकाऱ्यांच्या दोन तृतीयांश मतांनी हटवता येतं. एक गोष्ट मी इंजिनिअर म्हणून टिपून ठेवली: साइट चालवण्याचं सॉफ्टवेअर त्यांनी बाहेरच्या कंपनीकडून घेतलं. मालक झाले ते लिहिणारे. कोड लिहिणारे बुडापेस्टच्या दिवसांत होते तसेच, हकिगतीच्या बाहेर.

आणि इथे

आपल्याकडे १९५५ पासून श्रमिक पत्रकार कायदा होता. संपादकाला काढायचं तर सहा महिन्यांची नोटीस, इतर पत्रकारांना तीन महिन्यांची, असं त्यात लिहिलेलं होतं. पण तो वृत्तपत्रांपुरता. वेबसाइटवर काम करणारा पत्रकार त्याच्या व्याख्येत बसत नव्हता. २०२० च्या कामगार संहितेत 'डिजिटल माध्यम' हे शब्द आले. मधल्या काळात मराठी-हिंदी-इंग्रजी पोर्टलांमध्ये एक अख्खी पिढी राबून गेली, जिच्याकडे ना तो कायदा होता, ना गॉकरसारखा करार.

माझ्या ओळखीतल्या अशा मुलामुलींना विचारलं, की नोकरी कशी होती, तर उत्तर बहुधा 'बॉस चांगला होता' किंवा 'बॉस वाईट होता' असं येतं. माझ्या क्षेत्रातही याहून वेगळं उत्तर मिळत नाही. गॉकरच्या लोकांना बॉस चांगला असतानाच सुचलं, की उत्तर बॉसवर अवलंबून असू नये. त्यांनी ते आधी कागदावर आणलं आणि कागद पुरला नाही तेव्हा मालकीपर्यंत गेले. बाकी सगळं सोडा, आपली नोकरी बरी चालली असेल तेव्हा एक काम करण्यासारखं आहे: जे जे आवडतं त्याची यादी करून त्यातलं किती नेमणूकपत्रात लिहिलेलं आहे, ते ताडून पाहावं. माझ्या यादीत सात गोष्टी निघाल्या. पत्रात दोन सापडल्या, त्यातली एक पगार.