स्लोव्हाक लीग : एका स्पर्धेचे दोन जन्म

वाङ्मयेतिहासातील कालखंड कोठून सुरू होतो, या प्रश्नापाशी आम्ही शिक्षक नेहमीच अडखळतो. स्लोव्हाकियातील अव्वल फुटबॉल लीगचा इतिहास वाचतानाही तोच प्रश्न उभा राहतो.

चेकोस्लोव्हाकियाचे विभाजन होऊन १९९३-९४ मध्ये बारा संघांची स्वतंत्र लीग सुरू झाली आणि ब्रातिस्लाव्हाचा स्लोव्हान हा पहिला विजेता ठरला. आरंभाची ही तारीख सोयीची आहे. परंतु नाझी जर्मनीच्या छायेत १९३९ साली जन्मलेल्या स्लोव्हाक राज्यातही अशीच राष्ट्रीय लीग होती. तिचे १९४१-४२ चे विजेतेपद याच स्लोव्हानने, तेव्हाच्या एस. के. ब्रातिस्लाव्हाने, मिळवले. त्याच १९४२ साली त्या राज्याने सुमारे ५८,००० ज्यूंना आगगाड्यांतून मृत्यूच्या छावण्यांकडे धाडले.

मग ही विजेतेपदे मोजायची की गाळायची? आम्हांला वाटते, मोजावीत. मात्र त्यांच्यासमोर ते साल ठळकपणे लिहावे.

या दोन जन्मांमधला काळही रिकामा नव्हता. संयुक्त लीगमध्ये स्पार्ताक त्रनावाने १९६८ ते १९७३ या काळात पाच विजेतेपदे जिंकली. १९६९ मध्ये स्लोव्हानने बार्सिलोनाला ३-२ असे नमवून युरोपीय करंडक विजेत्यांचा चषक पटकावला. म्हणजे स्लोव्हाक फुटबॉलचे वैभव स्वतंत्र लीगबाहेरच बहरले होते. राष्ट्राच्या सीमारेषा आणि परंपरेच्या सीमारेषा एकच असतात, हे गृहीतक साहित्याच्या अभ्यासकांनीही तपासून पाहावे.